तिसरी चिठ्ठी

चिठ्ठ्या कापायचं काम माझ्याकडे होतं.
एकीवर हो, एकीवर नाही,
तिसरी कोरी.
कोरी म्हणजे थांबा, त्याला आत्ता बोलायचं नाही.

सॅक्सनीतल्या आमच्या वस्तीत लग्नं अशीच ठरायची.
वडीलधारे नावं सुचवत, आणि डबीत हात देव घालायचा,
म्हणजे बंधू मेल्खियोर घालायचे, डोळे मिटून,
त्याच्या वतीनं.
ते चामडं कमवायचे. कितीही धुतलं तरी
अंगठ्याचा वास जायचा नाही.

त्या मंगळवारी नाव होतं रोझिनाचं,
टोबियाससाठी. तो सुरिनामला निघालेला,
तापाच्या देशात, शुभवर्तमान घेऊन.
आदल्या वर्षी गेलेल्यांपैकी दोघांच्या
फक्त टोप्या परत आल्या होत्या.

रोझिना विणकामघरात, तिसऱ्या मागावर.
टोपीची फीत गुलाबी. लग्न झालं की निळी होते.
बहिणींच्या घराकडे बघायचं नाही, असा नियम.
मी बघत नसे.
मी माग ऐकायचो,
आणि त्यातला तिसरा ओळखायचो.

चाळीस वर्षं कुणाला बोललो नाही, ते आता सांगतो.
'नाही'ची चिठ्ठी मी केसभर लांब कापली.
बोटाला लागेल, डोळ्याला दिसणार नाही, एवढीच.
कातर घसरली की मी घसरवली
हे मला तेव्हाही नीट कळलं नाही.
घसरणारी कातर त्यानंच घसरवली असेल
तर पाप माझं कसं?
आणि माझं नसेल
तर रात्रभर धडधडत होती ती छाती कुणाची?

हात आत गेला.
बोटं लांब चिठ्ठीवर टेकली, मला मनगटावरून कळलं.
टेकली. थांबली.
मग पुढे सरकली.

हो.

माना झुकल्या. स्तोत्राची दोन कडवी झाली.
मी ओठ हलवत राहिलो.

पण एक रीत होती आमच्यात,
जिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.
देवाचं हो आल्यावर
मुलीला विचारायचं.
देवाचं झाल्यावर!

तिला बोलावलं. बाहीला लोकरीचा पिंजर.
चिठ्ठी तिनं वाचली
चुकून आपल्या दारात आलेलं
शेजाऱ्याचं पत्र वाचावं तशी.
मग परत दिली, दोन्ही हातांनी, अदबीनं.
म्हणाली, हे त्याचं उत्तर.
माझं, नाही.

काही झालं नाही.
शेगडीत लाकूड तडकलं, ते तसंही तडकणार होतं.
आठाची घंटा आठालाच वाजली.
बंधू मेल्खियोर खाकरले, वहीत 'हो' लिहिलं,
आणि त्याच शाईनं खाली 'नाही'.

टोबियास डोरोथेयाला घेऊन गेला.
नऊ वर्षांनी परतला, धडधाकट, तीन पोरांसह.
म्हणजे देवाला ठाऊक होतं, असं लोक म्हणाले.
काय ठाऊक होतं, ते कुणी सांगितलं नाही.

आणि मी?
बर्फ वितळल्यावर विहिरीपाशी गाठलं तिला,
चिठ्ठीशिवाय, नियम मोडून.
ती हसली. वाईट हसली नाही.
गॉटलोप, म्हणाली, तुलाही तेच.

गुलाबी फीत शेवटपर्यंत गुलाबी राहिली.

म्हातारपणी एकदा, सफरचंदं वाळत घालताना,
मी विचारलंच: त्याला नाही कसं म्हणालीस?
भीती नाही वाटली?
तिनं फोडीतला किडका भाग सुरीनं काढला.
वाटली की.
न विचारता नेलं असतं तर गेलेही असते.
पण विचारलं ना मला.

डबी आता माळ्यावर आहे. लग्नं आता लोक आपली आपण ठरवतात,
आणि तितकीच फसतात.
त्या दिवशीची कोरी चिठ्ठी मी ठेवून घेतली होती.
कधी दिव्यासमोर धरतो.
कागद काही म्हणत नाही, फक्त बोट दिसतं पलीकडलं, लालसर.

नातवंडांसारखी शेजारची पोरं येतात, कागदाचे पक्षी कापून मागतात.
कातर उचलण्याआधी
मी क्षणभर हाताकडे बघत बसतो.
पोरं म्हणतात, आजोबा, कापा ना.