टाकी

अवधानच्या एमआयडीसीत दुसरी पाळी.
बाहेर शेहेचाळीस. डांबर चप्पल सोडत नाही.
आत, काळ्या काचेपलीकडच्या खोलीत
झोत चालू आहे. आर्गॉन, थोडा हायड्रोजन,
आणि त्यात टायटॅनियमची भुकटी,
बाजरीच्या पिठाहून जरा जाड.
पोहोचेपर्यंत वितळते,
आदळते, चपटी होते, थिजते,
एका कणावर दुसरा, तिसरा तिरका,
मधे जागा सोडून.

ती मधली जागाच आमचा माल.
निंबा बोरसे नव्या पोरांना हेच सांगतो:
भरू नका रे. भिंत लिंपतोय का आपण?

खुब्याची दांडी असते ही, वीतभर.
मान टेपने झाकायची, ती आरशासारखीच राहिली पाहिजे.
खांद्यापासून खाली मात्र खरखर हवी,
हाडाला आत शिरता येईल अशी.
सिमेंट नाही, खिळा नाही.
हाड आपल्या पायांनी येतं,
दीड-दोन महिन्यांत
भोकाभोकांतून बिऱ्हाड मांडतं.
मी नमुना कापते, घासते, मायक्रोस्कोपखाली धरते,
काळी बिळं मोजते.
शंभरात चाळीस. शंभरात अडतीस.
लिहिते. सही करते.

झोताआधी दांडीवर कुरुंदाचा मारा असतो.
पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला
आणि तोंडात दगडाची चव आली.

माझी माय सुपडाबाई.
पाठीला झोळी, झोळीत छिन्नी, हातोडी, मी.
नगाव, कापडणं, सोनगीर, लामकानी.
“टाकी लाई ल्या वं माय, जातंले, पाटाले!”
कुणाच्याही ओट्यावर बसून
ती दगडाला जखमा करायची,
मोजून, ओळीने,
आणि कपच्या उडायच्या माझ्या केसांत.
नाही लावली टाकी तर गं?
“गुयगुयीत दगड दाना धरस नही,
घसरी जास.”
पैसे क्वचित. शेरभर ज्वारी,
कधी कळण्याची भाकर, वर ठेचा.
मग गावोगाव चक्क्या आल्या, मग मिक्सर.
हातोडी दोन-तीन पाट्यांवर आली,
मग उशाशी.

गेल्या खंडेनवमीला कंपनीने घरच्यांना आत सोडलं.
यंत्रांना झेंडू, रोबोटच्या मनगटालाही.
मी तिच्या हातात बाद झालेली एक दांडी दिली.
तिने नखाने वाजवून पाहिली,
मग अंगठा फिरवला, खालून वर, वरून खाली,
आणि एका जागी तो थांबला.
“टाकी आठे बठनी नही.”

तिथेच लेप पातळ होता. म्हणून तर बाद.
निंबाने हातातला कागद पाहिला, मग तिला,
आणि प्रसादाची पुडी दोनदा दिली.

मग ती म्हणाली, “कोनी शे हाई?”
कोणाची ही.
तिला प्रत्येक दगडाचं घर ठाऊक असायचं,
हे जातं धाकट्या सुनेचं,
हा पाटा त्या भांडकुदळ तुळसाचा.
मी लॉट नंबर वाचून दाखवला.
ती ऐकत राहिली,
नंबर संपल्यावरही,
पुढे नाव येईल म्हणून.

नाव आमच्यापर्यंत येत नाही.
खोकी रात्रीच्या टेम्पोने जातात.
कुठेतरी कुणी भुलीतून जागं होतं,
वॉकर धरतं, पाय टेकवतं, नर्सला शिव्या देतं.
आणि त्याच्या आत, काळोखात,
हाड चाचपडत येतं एका भोकाच्या तोंडाशी,
जे मी मोजलं असेल,
किंवा नसेल.

बाद दांड्या करवतीने दोन कराव्या लागतात,
चुकून कुणाच्या मांडीत जाऊ नयेत म्हणून.
ती मीच कापली.
कापण्याआधी हातमोजा काढला,
कुणी बघत नाही ना पाहून
अंगठा फिरवला.
मला सगळीकडे सारखीच लागली.
पुन्हा फिरवला.