अस्तर

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे
एक गाल काढला, एक कान,
आणि पेनाचं टोक कानापुढून मागं वळवत म्हणाले,
शिवण अशी जाईल.
इंदुमती फिरके माझ्याकडे बघायला लागली.
म्हणूनच तर जळगावला सोबत आणलं होतं मला,
भुसावळच्या बाजारात बत्तीस वर्षं
मशीन मारणाऱ्या बाईला.

एका तऱ्हेत आतून नुसते दोरे ओढतात,
चार दिवसांत मोकळं, वर्षा-दीड वर्षात पुन्हा ढिलं.
कच्ची टीप, मी म्हटलं.
दुसरीत फक्त कातडी ताणायची.
ते नको. वरचंच कापड ओढलं की तोंडाशी चुणी येते,
झोप्यांच्या सुनेचं पोलकं असंच फसलं होतं.
तिसरीत कातडीखालचा पदर दुमडून टाचतात.
चौथीत त्या पदराच्याही खाली शिरायचं
आणि सगळं एकदम उचलायचं;
सूज फार, महिना जातो, पण टिकतं.
तिथंच हसण्याची नस असते,
हे डॉक्टर जरा हळू बोलले.

"अस्तरासकट उचला,"
इंदुमती म्हणाली, कॅशियरच्या आवाजात,
जशी म्हणायची, मागं सही करा.

माझ्याच घरी ठेवली. सावद्याला कळायला नको.
कानांमागून दोन नळ्या, त्यांत लाल पाणी,
डोक्याखाली तीन उशा,
वाकायचं नाही, भाकरी चावायची नाही.
तिसऱ्या दिवशी डोळे मिटले सुजेनं,
आठव्या दिवशी गालावरचं निळं
मानेवर उतरून हळदीसारखं झालं.
रोज विचारायची, आज कुठवर आलं?

मार्गशीर्ष होता. मागच्या अंगणात
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली,
जळकी साल सोलायला घेतली,
मान वर केली तर ही खिडकीतून बघतेय.
"हसवू नको वं माय, टाके आहेत."
मी तर बोललेही नव्हते.

कशासाठी गं, विचारलंच एकदा.
"जुन्या लुगड्याचा काठ उसवून
नव्या कापडाला लावतेस,
तेव्हा कुणाला विचारतेस?"
हे काही उत्तर नव्हतं.
मी सुई ओवत बसले.

टाके निघाले. केसांत दडलेली शिवण
मी बोटानं चाचपून पाहिली.
चांगला हात आहे माणसाचा.
कान मात्र बधिर, अजून काही महिने राहील म्हणतात.
काल तिच्या कुडीचं मळसूत्र मी फिरवलं.
"बसली का?"
आरसा समोर होता,
तरी मलाच विचारलं.