लेफ्ट बॅक, एक

क्लबनं पाठवलेला कागद चार घड्यांचा.
गोलकीपर नको, आहेत.
पुढचे नकोत, दोन परदेशी घेतलेत.
लेफ्ट बॅक, एक.
डाव्या पायाचा, वय एकवीसच्या आत,
उंची पाच फूट नऊच्या वर.
आणि तळाला कोचच्या घाईच्या अक्षरात:
धावणारा पाहा, बाकी शिकवून घेऊ.

फेब्रुवारी सरत आलाय.
नागपूरचं ऊन अजून चावत नाही, नुसतं हुंगतंय.
मी मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर वही, वहीवर तर्री-पोह्याची प्लेट.
तर्रीचा एक थेंब उडाला
तो नेमका उंचीच्या रकान्यात.

कामठीचं कॉलेज विरुद्ध सदरचं.
सदरचा सात नंबर, खोब्रागडे:
पाय देखणे, पण बॉल मिळाला की
आरसा मिळाल्यासारखा थांबतो.
कामठीचा तीन नंबर, अदनान:
उंच, डावरा, एकोणीस पूर्ण.
कागदानं जे जे मागितलंय ते सगळं घेऊन आलेला.
फक्त विंगर त्याला चकवून गेला
की तो पंचाकडे पाहतो.
बॉल पाठीमागे असताना मान वळत नाही त्याची.
पाय शिकवता येतो.
मान कशी शिकवायची?

आणि त्याच्याच पुढे खेळणारा अकरा नंबर, दिलेश उईके,
देवलापारकडचा. माझ्या यादीत नाही.
अदनान चुकला की हा मागे.
अजून चुकायचाच असतो, तरी हा मागे.
पाच वेळा. मी मोजलं,
मोजण्याचेच तर पैसे मिळतात मला.
पाचही वेळा बॉल काढून त्यानं
अदनानच्याच पायात दिला,
जणू पडलेला रुमाल परत करतोय.

सामन्यानंतर गोलपोस्टला पाठ लावून उभे केले दोघं.
टेप बायकोच्या शिलाई मशीनचा, सुरुवातीचा एक इंच झिजलेला.
अदनान पाच दहा.
दिलेश, टाच टेकव.
टेकवली सर.
टेकव बाबा.
पाच फूट साडेपाच, तेही बुटांच्या खिळ्यांसकट.

"काहून जी सर, कमी भरलो का?"

मी काहीच बोललो नाही, म्हणून तोच बोलत राहिला.
सकाळी कळमन्यात संत्र्याची छाटणी करतो,
चार वाजतापासून, म्हणून आज वॉर्मअपले उशीर झाला,
लहान फळ बाजूले, मोठं पेटीत,
हातालेच समजते, पाहा नाही लागत.
मी म्हटलं, पुरे.
मला उपमा नको होत्या, लेफ्ट बॅक हवा होता.
"खेळशील का रे मागे?"
"तुम्ही म्हनसान तिथं. पन मले सांगजा,
अदनान कुठं खेळनार मंग?"

अजनीच्या रेल्वे मैदानावर, तेवीस वर्षांचा असताना,
माझ्याही नावापुढे कुणीतरी लिहिलं होतं,
वळायला जड.
माणूस चांगला होता, अक्षरही चांगलं होतं.
वर्षांनी तो कागद हाती आला तेव्हा
मी मुद्दाम वळून पाहिलं होतं,
रिकाम्या खोलीत, दोनदा.
खरंच जड होतो.

रात्री सीताबर्डीच्या लॉजवर दोन नावं भरली.
अदनान: सगळे रकाने स्वच्छ.
उईके: जागा, लेफ्ट बॅक. (कधी खेळलेला नाही, हे लिहिलं नाही.)
वेग, बरा. डावा पाय, हो. मान, वळते.
असा रकाना नव्हता, मी पाडला.
उंचीचा आकडा तर्रीच्या डागावर लिहिला,
निळी शाई तेलात पसरत गेली
आणि मी तिला पसरू दिली.
फोटो काढला, पाठवला.

साडेदहाला कोचचा फोन.
"दुसऱ्याची उंची लागत नाहीये. किती आहे?"
मी म्हटलं, गाडी जातेय, ऐकू येत नाही.
खोलीत पंखा होता फक्त,
तोही बंद.
फोन पुन्हा वाजतोय.