मोजणी

कन्ना चौकात रविवारी सभा होती.
बॅनरवर : बाहेरचे किती, मोजा.
खाली तिसऱ्या ओळीत माझं नाव :
अंबादास इराबत्ती, जॉबर, तीस वर्षांचा अनुभव.
कसला, ते लिहिलं नव्हतं.

पाहुण्यांच्या अंगावर आमच्याच लूमची चादर.
पांघरताना हाताला लागलं,
कडेला दोन धागे सुटलेत.
दिबाकरची पाळी असणार.

दिबाकर, ओडिशाचा, बलांगीरकडचा.
आठ महिन्यांमागं पत्र्याची पेटी घेऊन आला.
पहिल्या दिवशी शेंगाचटणी खाऊन
डोळे पुसत म्हणाला, और दो.
मी त्याला गाठ शिकवली,
तुटलेलं सूत अंधारात हुडकायला शिकवलं,
बीम भरताना मोजायला.

भाषणं झाली.
इथलं खायचं तर इथलं बोलायचं,
एक जण म्हणाला. टाळ्या.
मीही वाजवल्या. लूम बंद असले
की हातांना काहीतरी लागतंच.

मग कुणीतरी पोराला मागून पुढं ढकललं.
बोल बे मराठी!
आठ महिन्यांत काय शिकलास?

तो माइकसमोर.
परीक्षेत मास्तरकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं,
आणि छाती काढून, खणखणीत :
ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु,
ऐदु

मंचावर हशा. ही कुठली मराठी?
अर्धा चौक मात्र हसला नाही.
कारखान्यात बिड्या देऊन परतणाऱ्या बाया
कडेला थांबल्या होत्या, रिकामी सुपं काखेत.
त्यांतल्या राजव्वा गुंटूकनं, सहज,
भाजीचा भाव सांगावा तसा
पुढचा आकडा सांगितला :
आरु.

माझ्या आज्याचा आजा करीमनगराकडून चालत आला,
खांद्यावर पिशवी, पिशवीत धोटा.
त्याला कुणी काय विचारलं होतं,
घरात कुणाला आठवत नाही.
मी हिशेब तेलुगूत करतो, भांडतो मराठीत,
कन्नडात भाव पाडतो.
झोपेत काय बडबडतो, बायको सांगत नाही.

अध्यक्षांनी नाव पुकारलं.
खिशात चार ओळी पाठ केलेल्या.
माइक त्याच्या हातात गरम झालेला.
एडु, मी म्हणालो.

आणि उतरलो.
त्याला सांगायचं राहिलं, की ही मराठी नव्हती.
उद्या पाळीला सांगेन.
आधी त्या दोन धाग्यांचं बोलतो.