गळती

आधी मशीनची पाठ पुढे घ्यावी लागते.
आठ ट्रॅकचं, अर्ध्या इंची टेपचं, दोघांनी उचलायचं धूड.
रोहिदास आल्हाट म्हणतो, मॅडम, गाणं पुढून वाजतं ना?
वाजतं पुढून. येतं मागूनच.

गंज पेठ, बँडच्या दुकानावरची खोली.
खाली खुंटीला लाल कोट, झालरी प्लास्टिकमध्ये.
गुरुवार आहे, अकराला लाइट जाणार,
तेवढ्यात काय ते.

तपकीर गल्लीतून सोळा वायरी आणल्या.
दुकानदारानं शपथेवर चांगली म्हणून दिलेली
तीच नेमकी मेलेली निघाली, डाग देऊन उठवली.
मिक्सरकडून टेपकडे जाणाऱ्यांना लाल पट्टी,
टेपकडून मिक्सरला परतणाऱ्यांना पिवळी.
जाणारी आणि परतणारी चुकून एकाच वाटेला लागली
तर मशीन स्वतःचंच ऐकत बसतं, वाढत वाढत किंचाळतं.
हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा किंचाळलं.

चालू केलं तर घुंऽऽ.
मिक्सर खिडकीच्या बोर्डावर, मशीन दाराच्या,
दोघांचं अर्थिंग वेगळं, म्हणून ही धुसफुस.
एका बोर्डावर आणले, गप्प झाले.
भावकीत इतकं सोपं नसतं, रोहिदास म्हणाला,
आणि पुढचं बोलला नाही.

हेड स्पिरिटनं पुसले. कापसावर तपकिरी आलं,
सत्याऐंशीच्या उन्हाळ्यातलं थोडंसं काहीतरी.
मग रीळ चढवलं.

पिवळी एक: साइड ड्रम.
पिवळी दोन: ट्रम्पेट, वरच्या सुराला जरा चढलेला.
पिवळी तीन: एक पोरगं.
हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन, चार, बारा.
मग हसू, मग दार आपटलेलं,
मग बराच वेळ नुसती टेपची सूं.

मी नऊ वर्षांचा होतो, रोहिदास म्हणाला.
लाल बटण होतं, दाबलं.
त्याखाली दादांची क्लॅरोनेट होती.
मारलं नाही त्यांनी. मारायला हवं होतं.
पुढच्या लग्नसराईनंतर परत वाजवू म्हणाले.
पुढच्या लग्नसराईला ते नव्हते.

म्हणून आज मांडीवर तीच क्लॅरोनेट, रीड नवी.
तिसऱ्यावर मी वाजवतो, तुम्ही फक्त जोडा.

लाल तीनला मी ती डाग दिलेलीच लावली.
लेव्हल बघायला पाच नंबर एकटा उघडला.
युफोनियम, डुंबायला निघालेल्या म्हशीसारखा संथ.
तो श्वासाला थांबला तेव्हा
त्याच्या मागे, भिंतीपलीकडे कुणी
भांडी घासताना गुणगुणावं इतकी लांब,
क्लॅरोनेट.

आमच्या धंद्यात याला गळती म्हणतात.
दोषच धरतात. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरणं.
आठ माइक, पण खोली एकच, मधे टांगलेली गोधडी,
आणि दादा फुंकणारे छातीनं.
सहात होते. एकात, ड्रमच्या दोन काड्यांच्या मधे होते.
तीन सोडून सगळीकडे होते.

रोहिदासनं क्लॅरोनेट ओठाला लावली,
काढली. रीड चाटली. परत लावली.
मॅडम, तिसऱ्यावर रेकॉर्ड दाबलं की ते पोरगं पुसणार?
पुसणार.
थांबा मग.

अकराला दहा कमी.
मी सगळे फेडर वर केले, तिसराही थोडासा.
टेप फिरली, पोरगं चारानंतर बारा म्हणालं,
आणि तो वाजवत सुटला,
कुठल्याच वायरीत न जाणारं.
एका जागी चुकला, स्वतःला शिवी घातली, पुढे गेला.

लाल तीन काढून मी गुंडाळायला घेतली.
कोपरावर नाही, तळहातावर,
एक वेढा सुलटा, एक उलटा.
म्हणजे पुढच्या वेळी पीळ पडत नाही.