लेडीज बॅच

पांढरा रंग संपला तो नंदनवार बाईंच्या पाठीवर.
उरलेल्या अकरा जणींना
ट्यूब उभी कापून आतून खरवडलेल्या
चमचाभर उजेडावर भागवावं लागलं.

मे महिना. सहालाच फरशी तापायला लागते इथे.
शंकरनगरकडून ऊन येतं,
कंपाउंडवरून उडी मारतं पास न दाखवता,
आणि तळाच्या निळ्या टाइल्सवर
जाळं टाकतं, गोळा करतं, पुन्हा टाकतं.
मासा एकही नाही. बारा बायका, एक शिट्टी,
आणि काठावर मी,
जिला पोहता येत नाही.

रेष धरून बसावं तर
कोपर एका जागी, हात भलतीकडे.
दमयंतीच्या कमरेला पाण्याने दोनदा घडी घातलेली.
बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे. म्हणायचे,
सूत सुटलं की ओढू नये,
जायचं तिथे जाऊ द्यावं, मग गाठ.
मी ओढते. पान फाटतं.

दुपारी कूलरसमोर कॅनव्हास ठेवता येत नाही,
वाळ्याचे थेंब उडतात तेलावर,
आणि कूलरशिवाय मला ठेवता येत नाही.
आई विचारते, चटणीचंच जवस का हे?
तेच. फक्त हे आठ दिवस
विचार बदलू देतं.

नंदनवार बाई पोस्टातून रिटायर झाल्या
आणि साठाव्या वर्षी, भावाचा टी-शर्ट घालून,
पहिल्यांदा पाण्यात उतरल्या.
चित्र बघायला आल्या तेव्हा हातात दह्याची पिशवी.
"माझा पाय कुठं गेला व?"
गुडघ्याखाली मी नुसते हिरवट पट्टे ठेवले होते,
आणि एक गुलाबी, चुकून राहिलेला.
पाण्याने घेतला, म्हटलं.
बघत राहिल्या. पिशवी ठिबकत होती.
"डावा ना? बरं झालं.
तोच दुखून राह्यला होता."

जूनमध्ये टँक रिकामा केला. वॉचमन ओळखीचा.
शिडीवरून मी तळाशी उतरले,
भिंतीवरचे आकडे वाचत: चार फूट, सहा, आठ.
खाली दोन पिना, एक कर्णफूल, बँडेजचा तुकडा.
ऊन तेच, टाइल्स त्याच.
जाळं नव्हतं.
नुसता उजेड, ऑफिसात असतो तसा.
दोन्ही हात पसरून मी थोडी चालले.
कोणी बघत नव्हतं.
वॉचमन बघत होता.

चित्र अजून ओलं आहे डाव्या कोपऱ्यात.
सीताबर्डीहून पांढरी ट्यूब आणली,
उघडली नाही.
जुलैची फी मात्र भरून आले.
फॉर्मवर 'पोहता येते का' समोर: नाही.
'उंची' समोर पेन जरा थांबलं,
मग पाण्याबाहेरची लिहिली.