बिनरंगी नेलपॉलिश

व्हाउचरवर कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं : गवतासाठी.
अकाउंट्सच्या निमकरांनी चष्मा कपाळावर नेला,
बाटली उजेडात धरली,
म्हणाले, बाई, खरं ते सांगा.

खरं तेच होतं.
पानाच्या पाठीवर एक हात मारायचा,
वाळू द्यायचा,
वरून सेलोटेप दाबून अलगद उचलायचा.
पान जागच्या जागी राहतं
आणि त्याच्या कातडीचा ठसा काचेवर येतो.
सत्तर वर्षांच्या वाळक्या नमुन्याला
कात्री लावायची परवानगी नाही,
म्हणून हा बायकी उपाय, पस्तीस रुपयांचा.
पैसे शेवटी माझेच गेले.

परळच्या आमच्या हर्बेरियमला डांबरगोळ्यांचा वास येतो,
माझ्या साड्यांनाही.
कपाट अकरा, सगळ्यांत खालचा कप्पा : गवतं.
तिथवर वाकतं कोण.

दोन कागद. दोन्हींवर एकच लॅटिन नाव,
एकाच हातचं, निळ्याकाळ्या शाईतलं.
अँटॉप हिल, ऑक्टोबर १९५४.
गोळा करणार : कु. रिबेका पेणकर, इंटर सायन्स.
दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीत :
‘ही वेगळी वाटते?’
त्यावर लाल आडवी रेघ.
खाली सरांची सही.

जात विचारू नये, असं आमच्या घरात शिकवलेलं.
भाड्याची खोली बघायला गेलं
की लोक आडनाव विचारतात, आणि थांबतात.
इथे मी दिवसभर तेच करते,
वाकून, एका डोळ्याने :
जात कुठली, जात कुठली.
गवत निदान
उत्तर देताना खाली बघत नाही.

पहिली.
लांबट पेशींच्या नागमोडी भिंती,
चेन लावावी तशा एकमेकींत अडकलेल्या.
मधे ओळीने वाळूचे डंबेल.
गवत मातीतून वाळू पितं
आणि तिचे दागिने घडवून अंगातच ठेवतं.
कडेला काटे, सगळ्यांची तोंडं शेंड्याकडे.
इथे गवताला भाले फुटतात म्हणतात ना,
फुटतात.
चारशेपट मोठं केलं की दिसतात.

दुसरी.
भिंती त्याच. भालेही तेच.
काच सरकवत राहिले. चहा गार झाला.
मग एका श्वसनरंध्राशी अडखळले :
त्याच्यावर चार बारीक उंचवटे वाकलेले,
तोंडावर हात धरून कुणी कुजबुजावं तसे.
पुढच्या रंध्रावर तसेच.
त्याच्या पुढच्यावर.
पहिलीकडे परत गेले : सपाट.
चाळीस मोजली. सपाट.
मग अजून चाळीस,
कारण सरांची सही होती.

रिबेकाला एवढं कुठलं दिसायला.
सकाळी लवकर गेली असेल टेकडीवर,
एकीच्या पानावर दव पसरलं असेल
आणि दुसरीवर थेंब गोल उभे राहिले असतील.
असतील, असं मी म्हणते.
पुरावा नाही.
तिचं पुढे काय झालं, तेही रजिस्टरात नाही.

नवी चिठ्ठी मला डकवता येत नाही.
मी प्रयोगशाळा सहायक,
चिठ्ठीवर सही मॅडमची लागते
आणि मॅडम सोमवारी येतात.
लाल रेघ तशीच ठेवली. पेन्सिलही.
कागद बांधताना मात्र
दुसरी वर ठेवली.

सुटल्यावर घरी न जाता अँटॉप हिलला उतरले.
टेकडी आता शोधावी लागते इमारतींच्या मागे.
संरक्षक भिंतीच्या भेगेत,
एक पाइप गळतो तिथे, गवत होतं.
अंगठा उलटा फिरवला. खरखरीत.
त्याने काहीच सिद्ध होत नाही.

पर्समधून बाटली काढली.
पान न तोडता बोटावर आडवं घेतलं
आणि पाठीवर एक हात मारला.

काकड्या विकणारा पोरगा टोपली खाली ठेवून बघत राहिला.
‘मावशी, दुसरा रंग नाय भेटला?’

थांब, म्हटलं, फुंकर घालत,
वाळायला पाच मिनिटं लागतात.